कोणीतरी आमच्या जावयांना सांगा

कॉम्प्युटरशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा झाला नसेल, आणि तो एकुलता एक माणूस नेमका माझा मामेसासरा निघावा यात माझं कर्तृत्व काही नाही. लग्नात बायकोबरोबर तांब्याची घागर आली, शिवणाचं मशीन आलं आणि हे मामा आले. घागर गळायला लागली, मशीन माळ्यावर गेलं, मामा मात्र वर्षागणिक नवे होत गेले. कॉम्प्युटरपुढे बसायचं तर आधी चपला काढून जोडीनं बाजूला ठेवणार, रुमालानं हात पुसणार, बटण दाबणार आणि पडदा उजळेपर्यंत खुर्चीच्या पाठीला धरून उभेच राहणार. तो अजून उठून बसला नाही तर आपण आधी कसं बसायचं, असं त्यांचं म्हणणं. पुढे ते आमच्या ऑफिसात शिकवायला आले तेव्हा एकदा एक जुना कॉम्प्युटर पाऊण तास उजळेना, तर मामा पाऊण तास उभे राहिले, आणि ते उभे म्हणून आम्ही नऊच्या नऊ जण उभे राहिलो. बाहेरून येणाऱ्या दलालाला वाटलं, कोणी गेलं की काय.

त्याहून गमतीचं म्हणजे निरोप पाठवल्यानंतरचे मामा. समोरच्या टेबलावरच्या माणसाला ‘चहा घेता का’ एवढंच लिहून पाठवलं असलं तरी बटण दाबलं की ते मान वळवून खिडकीबाहेर बघत बसायचे. पाहुण्यांची एस.टी. हलली की आपण वळणापर्यंत बघत राहतो ना, तसं. आमची गिरणी आहे त्या बमरोलीच्या आभाळात दुपारची गिरण्यांची वाफ तरंगत असायची, तिच्यात कुठंतरी तो निरोप जाताना मामांना दिसत असावा. थोड्या वेळानं ‘पोचला’ असं म्हणून ते पुन्हा कामाला लागत. मी एकदा म्हटलं, मामा, तो बटण दाबताक्षणीच पोचतो. त्यावर ते माझ्याकडे न बघता हसले आणि पोचणं आणि मिळणं यात फरक असतो असं काहीतरी खिडकीला म्हणाले.

मामा मूळचे शिरपूरकडचे, तापीच्या काठचे. तापी पुढे सुरतेला येते म्हणून आपणही आलो, असं ते सांगत. खरं तर थोरल्या भावानं बोलावून घेतलं म्हणून आले. हजीऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात, ऑफिसात, त्यांनी तीस वर्षं काढली. कंपनीच्या बसमध्ये जाताना डाव्या आणि येताना उजव्या हाताची खिडकी त्यांची. जाताना खाडी बघायची, येताना पुन्हा तीच बघायची. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत तिथं ते सॉफ्टवेअर आलं, ज्यात सगळं ऑफिस एकत्र काम करतं: एकच वही सगळ्यांनी उघडायची, त्यातच लिहायचं, त्यातच विचारायचं, कोणाचं कोणतं काम कुठवर आलं ते सगळ्यांना दिसायचं. बरोबरीचे लोक वैतागले, मामा प्रेमात पडले. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. मामांनी घरात सॉफ्टवेअर लावलं. मामींच्या नावावर रोज कामं पडायला लागली. एकदा ‘तूप कढवणे’ हे काम मामींनी मामांच्या नावावर ढकललं. मामांनी शेगडी पेटवली, ‘काम चालू आहे’ अशी नोंद केली, आणि ‘काम झाले’ हे कुठं टिचकी मारून सांगायचं ते शोधत राहिले. धूर दाराबाहेर गेला तेव्हा शेजारचे धावत आले. मामा अजून शोधतच होते. त्या दिवशी मामींनी त्यांच्या नावावर एकच काम ठेवलं, ‘स्वयंपाकघरात येऊ नये’, आणि त्याला शेवटची तारीख दिली नाही.

आता आमच्या ऑफिसाचं. मी एका छपाईच्या गिरणीत शेडचं खातं सांभाळतो. म्हणजे साडीचा रंग ठरला की त्याची एवढीशी चिंधी रजिस्टरात चिकटवायची, नंबर द्यायचा, आणि कलर मास्टरनं रंग काढून पाठवला की त्या चिंधीला लावून बघायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. सव्वीस वर्षं हेच केलं. मग धाकटे शेठ कारभार बघायला लागले. संक्रांतीनंतर एक दिवस त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, कागद बंद, सगळं सॉफ्टवेअरवर. ज्याला जमेल तो इथं राहील, ज्याला जमणार नाही त्याला कडोदऱ्याच्या गोदामावर जागा आहे. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. कडोदऱ्याचं गोदाम म्हणजे चिंध्या आणि रद्दी कापडाचे गठ्ठे मोजणं. ज्या माणसानं आयुष्यभर मरून आणि डाळिंबी यांतला फरक सांगितला, त्यानं साठीपर्यंत गठ्ठे मोजायचे. शिकवायला एक साहेब आले, दोन दिवस भराभर इंग्रजीत बोलले आणि गेले. आम्ही सगळ्यांनी ‘हो’ म्हणून माना हलवल्या होत्या, त्यामुळे आम्हाला सगळं आलं असं त्यांच्या अहवालात लिहिलं गेलं. मी घरी येऊन न जेवता झोपलो. मंगल, माझी बायको, म्हणाली, मामांना का नाही विचारत? मी धाकट्या शेठना विचारलं, आणि तीन महिन्यांसाठी मामा आमचे मास्तर झाले.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितले. कॉम्प्युटर बंद. वरचा पंखा, खालून छपाईच्या यंत्रांची घरघर, आणि मामांचा झोपाळू आवाज. आता आपण एका गावात चाललो आहोत, ते म्हणाले. ही शेडवाल्यांची गल्ली, ही पार्सलवाल्यांची गल्ली. शेडचं बोलणं शेडच्या गल्लीत करायचं, चव्हाट्यावर आणायचं नाही. हे पारावरचं लग्नघर. भिंतीवर यादी लावली आहे, पाणी कोणाकडे, वाढपी कोण, मांडवाचं कोण बघतंय. ज्याचं काम झालं त्यानं आपल्या नावापुढं खूण करायची, दुसऱ्याच्या नव्हे. ही पंगत. सगळे एकाच वेळी जेवताहेत, एकच वही आहे, पण शेजारच्याच्या पानात हात घालायचा नाही. अर्ध्या तासानं त्यांनी डोळे उघडायला सांगितले तर ऑर्डरचं काम बघणाऱ्या हंसाबेन गाढ झोपल्या होत्या. मामांनी त्यांना उठवू दिलं नाही. त्या गावातच आहेत अजून, म्हणाले. पण नवल असं की दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केले तर कोणाला काही विचारावं लागलं नाही. साहेबांनी दोन दिवस घसा कोरडा केला ते पालथ्या घड्यावर पाणी झालं होतं, आणि मामांच्या त्या गावात आम्ही सगळे आपापल्या गल्लीत बरोबर शिरलो. आठवड्याभरात हंसाबेन, ज्यांना मोबाईलवर नातवाचा फोटो उघडता येत नव्हता, ऑर्डरच्या यादीत खुणा करायला लागल्या.

मामांच्या गावाचा एक नियम होता. कोणी काही लिहिलं तर उत्तर द्यायचंच. निरोप नुसता वाचून सोडून देणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं. अगदीच वेळ नसेल तर निदान अंगठ्याची खूण तरी टाकायची. त्यामुळे आमच्या ऑफिसात अंगठ्यांचा पूर आला. कोणी लिहावं, आज पाण्याची टाकी धुणार आहेत, नऊ अंगठे. कोणी लिहावं, सासूबाई गेल्या, नऊ अंगठे. आमच्या आजोबांच्या पिढीनं अंगठा दिला, वडिलांनी सही शिकून तो सोडवला, आणि आम्ही पन्नाशीत पुन्हा अंगठ्यावर आलो. धाकटे शेठ आधी हसायचे. मग त्यांनाही सवय झाली.

या सगळ्यात मामांची अडचण एकच होती, ती म्हणजे मी. मी जावई. जावई हा दहावा ग्रह हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांच्या घराण्यात जावयाला चूक दाखवायची पद्धत नव्हती. बाकीच्यांना ते कान धरून शिकवत. माझ्याकडे आले की त्यांचे हात जोडल्यासारखे व्हायचे. मी एखादी शेड भलत्याच पानावर चढवली तर ते माझ्या मागे येऊन उभे राहायचे, खोकायचे, आणि पलीकडच्या टेबलाकडे बघून म्हणायचे, “हंसाबेन, आमना जवाईले कोनीतरी सांगा, ते पान मागचं आहे.” हंसाबेन माझ्यापासून दोन हातांवर बसायच्या. त्या माझ्याकडे वळून गुजरातीत तेच सांगायच्या, मी दुरुस्त करायचो, मामा समाधानानं खिडकीकडे जायचे. मोठी चूक असेल तर दुसऱ्या दिवशी घरी नारळ यायचा. आखाजी जवळ आली तोवर आमच्या घरी अकरा नारळ साठले होते, आणि मंगल विचारायला लागली होती की तुम्ही तिथं नेमकं शिकता काय.

मला, खरं सांगतो, याची गंमत वाटायची. थोडी मिजासही वाटायची. गिरणीत सव्वीस वर्षं कोणी मला साधी ‘बापू’ लावूनही हाक मारली नव्हती. वहीच्या समासात मामा शेरे लिहीत, पण ते कधीच माझ्या नावानं नसत. वरती हंसाबेनचं नाव, आणि मग ‘कोणीतरी आमच्या जावयांना सांगा’. शेरा वाचून काम झालं की त्यापुढची खूण दाबायची, की तो समासातून निघून जातो. मी मुद्दाम दोन-दोन दिवस ठेवायचो. वाचायला बरं वाटायचं.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात हंसाबेनच्या मुलीचे दिवस भरले म्हणून त्या तीन दिवसांच्या रजेवर गेल्या. त्याच आठवड्यात धाकट्या शेठनी मामांना सांगितलं होतं की आता रंग पास करायचा कागदही बंद. कलर मास्टर फोटो टाकेल, शेडखात्यानं त्यावर अंगठा दिला की तो पास, आणि यंत्र चालू. मामांनी हे सगळ्यांना सांगायचं होतं. सगळ्यांना त्यांनी सांगितलं. मला सांगायला ते दोनदा माझ्या टेबलाशी आले, हे मला आता आठवतं. दोन्ही वेळा त्यांनी हंसाबेनच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, खोकले, आणि गेले. मला वाटलं, उन्हाळ्याचा खोकला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कलर मास्टरनं एका मरून शेडचा फोटो टाकला. वर लिहिलं होतं, बघा. मी बघितला. मनात म्हटलं, जेवून आलो की चिंधी खिडकीशी नेऊन लावून बघू, पण तोवर दारात आलेल्याला पाणी विचारलं पाहिजे. म्हणून अंगठा टाकला आणि डबा उघडला. मी हात धुऊन आलो तेव्हा खाली यंत्र फिरत होतं. संध्याकाळी माल बाहेर आला. तो मरून नव्हता. सव्वीस वर्षांत इतका बिनमरून मरून माझ्या हातून गेला नव्हता. वीट आणि जांभूळ यांच्या मधलं काहीतरी होतं, आणि त्याचे ऐंशी तागे होते.

धाकट्या शेठनी सगळ्यांना बोलावलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “हा कोणे पाडी?” म्हणजे, याला हो कोणी म्हटलं? पडद्यावर माझं नाव होतं, माझा अंगठा होता. माझ्या पायांखाली कडोदऱ्याचं गोदाम दिसायला लागलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून मामा पुढे आले. चपला काढून ठेवलेल्या, अनवाणी. ते शेठना म्हणाले की यात शेडखात्याची चूक नाही, नवा नियम आपण त्यांना सांगितलाच नाही, विसरलो, वय झालं. उत्तर म्हणून अंगठा टाकायला आपणच शिकवलं होतं, ते शिकवल्याप्रमाणेच वागले. “शिकणारा बरोबर आहे, शिकवणारा चुकला,” ते म्हणाले. शेठनी पडदा बंद केला. मग अगदी मऊ आवाजात त्यांनी सांगितलं की मामा, उद्यापासून यायची तसदी घेऊ नका. मामांनी त्यांना नमस्कार केला, कॉम्प्युटरलाही केला, चपला घातल्या आणि गेले. जिन्यात ते एकदा थांबल्याचा आवाज आला. मी गेलो नाही. मी तिथंच उभा राहिलो, कारण मी वाचलो होतो, आणि वाचलेल्या माणसाचे पाय पटकन हलत नाहीत.

तो शेरा मला चार दिवसांनी दिसला. पडद्यावरच्या शेडच्या वहीत, मरूनच्या पानावर, समासात; ते पान मी त्या आठवड्यात उघडलंच नव्हतं. वेळ पाहिली तर मी अंगठा टाकला त्याच्या आदल्या दिवशीची. ‘हंसाबेन, कोणीतरी आमच्या जावयांना सांगा, उद्यापासून फोटोवरचा अंगठा म्हणजे मंजुरी. रंग आधी खिडकीपाशी नेऊन बघावा. पडद्यावर सगळेच रंग चांगले दिसतात.’ खाली हंसाबेनचा अंगठा होता. रजेवरून आल्यावर त्यांनी साचलेल्या सगळ्या निरोपांना न वाचताच पाणी विचारलं होतं. म्हणजे मामांनी सांगितलं होतं. विसरले नव्हते. फक्त मला सांगितलं नव्हतं, कारण मला सांगायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती.

पुढच्या महिन्यात धोंड्याचा महिना लागला, आणि मामांकडून रीतसर बोलावणं आलं. मंगलच्या माहेरी आता कोणी नाही, त्यामुळे जावयाचं वाण देणं मामांनी आपल्याकडे घेतलेलं. चांदीची वाटी, तेहेतीस अनारसे, वर दिवा. मामींनी ओवाळलं. मामा खिडकीपाशी बसले होते. त्यांच्या खिडकीतून मागची बंद गिरणी आणि तिच्या पलीकडे थोडंसं आभाळ दिसतं. तीन महिन्यांत त्यांच्या अंगावर आलेला तजेला उतरला होता. मामींनी हळूच मला सांगितलं की कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलं आहे, आणि हल्ली मामा दिवसभर त्या खिडकीतच असतात. मी ताट बाजूला सारलं. म्हटलं, मामा, मी तो शेरा पाहिला. उद्या शेठना दाखवतो. तुम्ही सांगितलं होतं, हे त्यांना कळलं पाहिजे.

मामा मामींकडे वळले. आमच्या जावयांना सांगा, म्हणाले, अनारशावर तूप घातलंय ते निवायच्या आत खावं. मी म्हटलं, मामा, एकदा तरी माझ्याशी सरळ बोला. रागवा. माझा बाप रागावला असता. मामी पदर सावरत आत गेल्या. आता मध्ये कोणीच नव्हतं. मामांनी इकडेतिकडे बघितलं, खोकले, आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

“बापू, तुमची अजून आठ वर्षं आहेत. माझं काय, मी तर खिडकीशी बसेलच आहे.”

एवढंच. मग ते पुन्हा बाहेर बघायला लागले, एखादा निरोप धाडल्यासारखे. मी अनारसा खाल्ला. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली नाही, पण म्हणाले, पोचला.

मी शेठना शेरा दाखवला नाही. मामांनी सांगितलं म्हणून नाही दाखवला असं निदान मंगलला तरी सांगतो. आठांपैकी आता सात वर्षं उरली आहेत. मी प्रत्येक रंग खिडकीशी नेऊन बघतो. नवीन कोणी आलं तर सॉफ्टवेअर मीच शिकवतो, डोळे मिटायला सांगून, गल्ल्या दाखवत. मात्र जे सांगायचं ते ज्याचं त्याला सांगतो. मामांना दर रविवारी भेटतो. ते विचारतात, हंसाबेन बऱ्या आहेत ना, आणि शेडवाल्यांच्या गल्लीत गर्दी असते का. कॉम्प्युटरवर कापड तसंच आहे.

दर महिन्याला धाकटे शेठ सगळ्यांची राहिलेली कामं बघतात. शेडखातं माझं, म्हणून माझ्या नावापुढे एक आकडा येतो, एकचा. मरूनच्या पानावर, समासात, एक शेरा बाकी आहे, त्यापुढची खूण दाबून टाका, ते म्हणतात, साधं तर आहे, एक टिचकी. मी म्हणतो, हो शेठ. इतकं सगळं शिकलो, पण तेवढं एक मला अजून येत नाही.